थोरल्याची मूठ

श्रावणात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, आमच्या भाऊबंदांत गहू मुठीनं काढतात. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. माणूस सुरतेला असो की जेलात, त्याची मूठ पडतेच. मेल्यावर तेवढी बंद होते.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात पुतण्याचं घर माझ्या भिंतीला लागून. गहू काढताना मी तिथंच खाटेवर बसलेलो. पुतण्यानं स्वतःची मूठ टाकली, सुरतेच्या पोराची टाकली, आणि सुपावर फडकं झाकलं.

"थोरल्यानी मूठ?" मी विचारलं.

थोरला म्हणजे त्याचा भाऊ, जन्मापासून डोक्यानं अधू. होळीपासून दिसला नव्हता. धुळ्याला मावशीकडे ठेवलाय, असं सांगायचे.

"तो आठे नही शे ना, आबा."

"सुरतवाला तरी आठे कोठे शे?"

पुतण्याची बायको, आमची सून, हसली. "आबाले आते मुठी मोजाना नाद लागना!" रोटासाठी जमलेल्या बाकीच्या बायकाही हसल्या.

तेवढ्यात मला खोकला आला. आणि परसातल्या कापसाच्या खोलीतून अगदी माझाच खोकला परत आला.

हसणं थांबलं. मी मुद्दाम पुन्हा खोकललो. तिकडूनही आला. थोरला लहानपणापासून माझी अशीच नक्कल करायचा. अन् कापूस तर होळीआधीच विकलेला. रिकाम्या खोलीला कुलूप कशाला?

"किल्ली दे," मी पुतण्याला म्हटलं.

"घरनी गोट शे आबा, घरमाच ऱ्हाऊ द्या."

मी दुसरीत शाळा सोडली, पण मला गप्प बसवणारा अजून जन्मायचाय. अंगणात आलो, सगळ्यांदेखत पोलिसांना फोन लावला.

फोनवरची बाई म्हणाली, "बाबा, खात्री आहे का?"

"खात्री तुम्ही करा. मला शंका आहे, माझ्या नावानं लिहा."

पुतण्या हात जोडत होता. सून माझ्या सात पिढ्या काढत होती. मी खोकत नव्हतो, तरी खोलीतून खोकला येतच होता. माझाच.

पोलिसांनी कुलूप तोडलं. आत थोरला भिंतीकडे तोंड करून उभा. पायात बैलाची साखळी. पाठीवर उजेड पडला तरी वळला नाही.

आता तो धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. मी जाऊन बसतो. नर्सबाई सांगते, दार उघडं असलं की तो रात्रभर टक्क जागा. बाहेरून कडी लावली की लगेच झोपतो. "मग लावू का, बाबा?" असं रोज विचारते.

मी उंबऱ्यातच खुर्ची टाकतो. कडी लावू देत नाही. जागतो तर जागू दे.