फॉन्ट गेला त्या दुपारी

बाबा गेल्यानंतर आमच्या वर्ध्याच्या घरातला कॉम्प्युटर मी एकटीच वापरत होते. अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवरचं ते जुनं मशीन. चालायचं कमी, अडकायचं जास्त. कॉलेजच्या प्रश्नपत्रिका टाइप करताना दोनदा सगळं उडालं, तेव्हा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात एक्सपी टाकून देतो. रॅमबी वाढवू. मंग पाहाजा कसा पळते."

"आणि जुन्या फायली?"

"सी ड्राइव्ह पुसा लागन. डीले मी हातबी लावत नाई."

मला काळजी होती ती एकाच फाइलची, आणि ती डीमध्ये होती. म्हणून मी हो म्हटलं.

ती फाइल बाबांची. बाबा मूळचे आंजीचे, पण जन्म जंगल खात्याच्या नोकरीत गेला आणि गावाबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर काय झालं कोण जाणे, आईला म्हणाले, "मी सांगतो, तू टाइप कर." आईची सगळी नोकरी कचेरीत मराठी टाइपरायटरवर गेलेली. कॉम्प्युटरवरचा मराठी फॉन्टही त्याच कळांचा होता, त्यामुळे तिला नवीन काही शिकावं लागलं नाही. बाबा शेजारी डोळे मिटून बसत आणि आंजीतली आपली गल्ली घरामागून घर सांगत जात. कोणाचं घर, आत कोण कोण, दाराशी कोणतं जनावर. वाक्याचा शेवटचा शब्द ते दोनदा म्हणत, आईचा हात पोचावा म्हणून. आई तो एकदाच टाइप करी. सुताराच्या घरापर्यंत आले आणि बाबा गेले. त्यानंतर आईनं ती फाइल उघडली नव्हती.

एक्सपी टाकायला सकाळ गेली. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं, तेव्हा आई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "हे कोनाचं वावर होय?" दुरुस्तीवाला हसला, चहा प्याला आणि गेला.

मी लगेच बाबांची फाइल उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरं. शब्द नाहीत, अर्थ नाही, नुसती अक्षरं, स्वल्पविराम, कंस.

"हे काऊन असं दिसून राह्यलं?" आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"फॉन्ट गेला, आई. सीमध्ये होता, पुसला गेला. मजकूर आहे तसाच आहे, नुसता दिसत नाहीये. मी दुरुस्तीवाल्याला फोन करते."

आई खुर्ची ओढून बसली. कीबोर्ड बाजूला सरकवला आणि रिकाम्या टेबलावर दोन्ही हातांची बोटं ठेवली, समोर कळा असाव्यात तशी.

"व्ही म्हंजे अ," ती पुटपुटली. "के म्हंजे काना."

पडद्यावरचं अक्षर पाहायची, त्या कळेचं बोट टेबलावर टेकवायची आणि मग उच्चारायची. आधी अडखळत, मग सलग. मी माउसनं पानं वर सरकवत होते. मला मजा वाटत होती, अभिमानही वाटत होता. तेल्याचं घर झालं. त्याच्या पुढचं झालं, ज्याच्या दाराशी लंगडी म्हैस होती ते.

मग माझ्या लक्षात आलं की ती वाक्याचा शेवटचा शब्द दोनदा म्हणते आहे. फाइलमध्ये तो एकदाच होता. आवाज आईचाच, पण थांबण्याच्या जागा तिच्या नव्हत्या. मध्येच घसा खाकरायची, ती रीतही बाबांची.

सुताराचं घर आलं. अक्षरं संपली. खाली कोरं पान आणि लुकलुकणारी उभी रेघ. मी माउसवरचा हात काढला.

आईची बोटं थांबली नाहीत.

"सुताराच्या पलीकडं बोळ. बोळात एक दार, त्याले कडी नाई. कडी नाई. अंदर दोघी बहिणी राहत. एकमेकींशी बोलत नसत. नसत. जेवत मातर एकाच ताटात. एकीनं घास घेतला का दुसरी थांबे. थांबे."

"आई," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. डोळे पडद्याच्या कोऱ्या जागेवर डावीकडून उजवीकडं सरकत होते.

तेवढ्यात लाइन गेली. भर दुपारचं लोडशेडिंग. यूपीएसनं थोडा वेळ किंचाळून दम सोडला आणि पडदा काळा झाला. पंखा थांबलेल्या त्या खोलीत टेबलावर नखांचा टकटक आवाज तेवढा येत राहिला. "एक गेली तं दुसरीनं दार लावलं नाई. लावलं नाई." मी तिचे खांदे धरून हलवलं, तेव्हा हात थांबले. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "लाइन गेली वाटते. किती झालं वाचून?"

"तू पुढचं काय म्हणत होतीस? त्या दोघी बहिणी?"

"कोन्या बहिणी? सुताराच्या घरापाशी संपते न ते."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं सीडी आणून फॉन्ट टाकला. अक्षरं क्षणात मराठी झाली. फाइल सुताराच्या घरापाशीच संपत होती. आईनं ती वाचली, मनातल्या मनात, चष्मा पुसत, हात मांडीवर ठेवून.

मी स्वतःची समजूत घातली. एवढा संसार झाला, बाबांनी कधीतरी तिला सांगितलं असेल, तिच्या मनात कुठं तरी राहिलं असेल. आई स्वतः त्या गल्लीत कधी राहिली नव्हती, लग्नानंतर बाबा निवृत्त होईपर्यंतचे सगळे दिवस सरकारी क्वार्टरांत गेले. पण ऐकलेलं राहतं माणसाजवळ.

पुढं काही कामानं आंजीला गेले, तेव्हा मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, सहज विचारलं, "सुताराच्या पलीकडं बोळात दोन बहिणी राहायच्या का हो?"

ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"तुले कोनं सांगतलं?"

"बाबांनी." खोटं बोलते आहे असं मला वाटलं नाही.

"त्यानं?" मोठेबाबा माझ्याकडं पाहतच राहिले. "तो तं तवा पाळण्यात होता. दोघी एकाच पावसाळ्यात गेल्या. मंग घर बसलं. आमच्या घरात त्याहिचं नाव काढत नसत. मीबी कधी कोनाले सांगतलं नाई."

मी जागा दाखवा म्हटलं. ते काठी टेकत बोळाच्या तोंडापर्यंत आले आणि तिथंच थांबले. आत कोणाचा तरी कडब्याचा ढीग होता, त्याच्या बाजूला जुन्या जोत्याचे चार दगड. त्यांच्यामधून वाट गेली होती, तरी सगळी ढोरं वळसा घालून जात होती. मी थोडा वेळ उभी राहिले आणि बसची वेळ व्हायच्या आधीच निघाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मोठेबाबा कसे हायेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं. बाकीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.