आपला गडी

अण्णानं ती कॅसेट बेळगावला आणली, तेव्हा मी चित्रकलेच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि खासबागेत मावशीकडे राहत होते. सत्त्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अण्णा माझा थोरला भाऊ. गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होता. सुट्टीला निपाणीला आईकडे जाताना वाटेत मावशीकडे एक मुक्काम करायचा.

निपाणीत आमची गल्ली तंबाखूच्या वखारींच्या मागं. आई वखारीत तंबाखू निवडायची. अण्णा शाळेत असल्यापासून हलगी वाजवायचा. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तो वाजवता वाजवता जागच्या जागी ओळी जुळवायचा. त्या गायच्या नसत, ठेक्यावर बोलायच्या असत.

तंबाखूची धूळ, धुळीचा खोकला,
मुकादम म्हणतोय, कामाला चला!

बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आई मात्र घाबरायची. "उद्या मला कामाला घ्यायचा न्हाय त्यो," म्हणायची. पण म्हणताना तिचीही मान ठेक्यावर हलत असायची. गोव्याला गेल्यावर हलगी खुंटीला राहिली. अण्णाशिवायच्या मिरवणुका मला कधी पुऱ्या वाटल्या नाहीत.

तर ती कॅसेट. हॉटेलातल्या एका गोऱ्या पाहुण्यानं जाताना अण्णाला दिलेली. मावशीच्या शेजाऱ्यांचा टेप मागून आणला आणि आम्ही तिघं ऐकत बसलो. सूर असा नव्हताच. धाड धाड ठेका, आणि त्याच्यावर एक माणूस न थांबता बोलतोय.

मावशी म्हणाली, "गातोय का भांडतोय गं ह्यो?"

"दोन्ही," अण्णा म्हणाला. "ह्याला हिप-हॉप म्हणत्यात, मावशी. अमेरिकेतला काळा माणूस हाय. आपल्या गल्लीतलं सांगतोय. पाणी न्हाय, काम न्हाय, पोलीस दारात. त्या पाहुण्यानं मला समदं समजावून सांगितलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आपलाच गडी हाय की गं! ह्येचं चित्र काढ. मोठ्ठं काढ."

त्या गायकाचं खरं नाव कॅसेटवर होतं, पण आम्ही ते कधी घेतलं नाही. आमच्यात तो 'आपला गडी'च राहिला.

अण्णा परत गेला. मी दोन बाय अडीच फुटांचा कॅनव्हास ताणला. समोर फक्त कॅसेटच्या कागदावरचा फोटो, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. टोपीच्या सावलीत अर्धा चेहरा बुडालेला. वर्गात आम्ही माणसाच्या त्वचेसाठी 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब वापरायचो, गुलाबीसर रंगाची. ती इथं काहीच कामाची नव्हती. मी तपकिरी, गडद निळा, थोडा लाल असं मिसळत गेले, आणि तिसऱ्या दिवशी पॅलेटवर जो रंग आला तो बघून हात थांबला. आईच्या दंडाचा रंग होता तो. चार वर्षं व्यक्तिचित्रं काढत होते, पण हा रंग मी कधी कालवलाच नव्हता.

सरांनी चित्र पाहिलं. ते टिळकवाडीत, बंगल्यांच्या वस्तीत राहायचे, स्वभावानं चांगले होते. म्हणाले, "रेखाटन उत्तम जमलंय. चेहरा मात्र दोन छटा उजळ कर. पोर्ट्रेट जरा प्रसन्न हवं."

"सर, तो तसाच आहे."

"कोण आहे हा पण?"

चेहरा मी उजळला नाही. वार्षिक प्रदर्शनात चित्र लागलं, पण दाराच्या मागं. दार उघडं असलं की दिसायचं नाही.

मे महिन्यात अण्णा आला तो एक बातमी घेऊन. आखातात नोकरी लागली होती, आठवड्यानं मुंबईहून विमान. मावशीनं डोळे पुसले. मी त्याला चित्र दाखवलं. तो चित्राजवळ वाकला.

"डोळं का न्हाय काढलंस?"

"फोटोत दिसत न्हाईत, अण्णा. सावलीत हाईत."

"ऐकताना दिसत्यात की."

मी स्टूल पुढं ओढलं. "बस इथं. आणि ते मुकादमाचं म्हण."

"आत्ता? येडी का काय!" म्हणाला, पण बसला. मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि बोलायला लागला. जुन्या ओळी संपल्या तशा नव्या आल्या, हॉटेलातल्या भांड्यांच्या, मॅनेजरच्या. मी ब्रश घेतला आणि सावलीच्या आत डोळे काढत गेले. तो बोलत होता तोवर मला त्याच्याकडं टक लावून बघता येत होतं, म्हणून मी काम मुद्दाम लांबवलं. त्यानं ते ओळखलं असावं. ओळी संपल्या, तरी तो नुसताच ठेका धरून बसून राहिला.

रंग पुरता वाळला नव्हता, तरी चित्र निपाणीला न्यायचंच, असा त्यानं हट्ट धरला. बसमध्ये कंडक्टर कन्नडमध्ये ओरडला. अण्णानं त्याला कन्नडमध्येच काहीबाही सांगून हसवलं आणि सगळा प्रवास चित्र दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून उभा राहिला. आईच्या घरात तथागतांच्या तसबिरीच्या शेजारी त्यानं स्वतः खिळा ठोकला. आई चित्राकडं बघून म्हणाली, "कुणाचं पोरगं म्हणायचं हे? जेवतंय का न्हाय येळंवर?"

चार दिवसांनी अण्णा गेला.

डिप्लोमा झाल्यावर मला निपाणीतच शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळाली. पत्रं सुरुवातीला महिन्याला यायची, मग दोन महिन्यांनी, मग सणावाराला. येणारा-जाणारा चित्राबद्दल विचारायचा. आई सांगायची, "परदेशातला गाणारा हाय. माझ्या लेकीनं काढलाय."

दोनेक वर्षांनी एका सकाळी विजेचं मीटर बघायला माणूस आला. आकडे लिहून झाल्यावर त्याची नजर भिंतीकडं गेली.

"निम्म मग एन्री?" तुमचा मुलगा का, असं विचारत होता.

मी आतून ऐकत होते. आईनं चित्राकडं एकदा पाहिलं.

"हौद्री," म्हणाली. व्हय जी.

तो गेल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "खोटं बोलले व्हय गं?"

"न्हाय, आय."

त्या महिन्यात पत्र आलं नाही. पुढच्या महिन्यात आलं. करार आणखी दोन वर्षांनी वाढवला, असं अण्णानं लिहिलं होतं. मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि वखारीकडं निघून गेली.