ताटात उरलेली अर्धी भाकरी

मैत्रिणींनो, आज मला एका अनोळखी बाईचा फार हेवा वाटला.

वजन कमी करायला पोट लहान करतात, त्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला साताऱ्याहून सांगलीला गेले होते. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये शेजारी तेच ऑपरेशन झालेली बाई नवऱ्यासोबत जेवत होती. चार घासांत तिचं पोट भरलं. त्याने तिचं ताट ओढलं.

"आण हिकडं. तू बारीक झालीस, मी मात्र लय सुटलो!"

"मग आता तुमचं ऑपरेशन करू," ती हसली.

माझ्याही ताटात अर्धी भाकरी उरली होती. लग्नापासून मी ह्यांच्याच ताटात, ह्यांच्या मागून जेवले. ह्यांनी ठेवलेलं संपवलं. आता माझ्या ताटात उरतं, तर हे नाहीत.

भाकरी रुमालात बांधून घरी आणली. तुमच्या ताटात उरलेलं कोण खातं?