पावणेनऊची बस

संध्याकाळच्या कॉलेजचा शेवटचा तास साडेआठला सुटतो आणि तिथून शेवटची बस आठ वाजून दहा मिनिटांनी निघते, हे तुमच्या घरातल्या मुलीच्या बाबतीत घडत असतं, तर तुम्ही किती दिवस गप्प बसला असता?

आम्ही एक वर्ष गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचे अप्पा म्हैसुरातले शिंपी. संघटनेची उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि ब्लाउजचं माप बेतायला कागद म्हणून वापरत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. ‘कामगारांनो, आता तरी’ एवढं वाचून झालं की पुढे बाहीचा गोल कापलेला असे. आता तरी काय करायचं, ते मला स्वतःच ठरवावं लागे.

माझी अक्का दिवसभर दुकानात काजं-बटणं करते आणि संध्याकाळी बीकॉमला जाते. शेवटचा तास संख्याशास्त्राचा. मुलं मधूनच पळतात म्हणून प्राध्यापक हजेरी तास संपताना घेतात. आम्ही राहतो त्या हूटगळ्ळीची बस पकडायला अक्काला आठलाच उठावं लागे. म्हणजे ती रोज अर्धा तास वर्गात बसायची आणि रोज गैरहजर असायची. प्रत्येक प्रकरण तिला अर्ध्यापर्यंत येत होतं. हजेरी भरली नाही तर तिला परीक्षेला बसू देणार नव्हते. रिक्षावाले त्या वेळी हूटगळ्ळीला येत नाहीत, कारण परतीला माणूस मिळत नाही. आणि आमच्या घरात चाक असलेली वस्तू एकच, शिलाई मशीन.

मी अर्ज घेऊन डेपोत गेले. तिथले अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

“पावणेनऊला त्या थांब्यावर कोणीच नसतं, अम्मा,” ते कानडीत म्हणाले.

“बस नाही म्हणून नसतं, सार.”

“तेच तर सांगतोय. कोणी नसताना बस कशी सोडू? एक आठवडा उभे राहा. आमचा माणूस येऊन मोजेल.”

“बस नसताना उभं राहायचं?”

“बस असती तर मोजलं कशाला असतं?”

मी यावर रात्रभर विचार केला आणि मला त्यात चूक सापडेना. अडचण वेगळीच होती. ज्यांना बस हवी, ते थांब्यावर उभे राहिले तर त्यांची आठ-दहाची बसही जाणार. पहिल्या दिवशी आम्ही तिघंच होतो, त्यातली दोन मुलं हॉस्टेलवर राहणारी. मोजणारा माणूस आलाच नाही. मी पत्रक काढलं, मराठीत आणि कानडीत. अप्पांनी ते आमच्या भजनी मंडळात वाचून दाखवलं. मंडळातले सगळे शिंपी, सगळे साठीच्या पुढचे, सगळे गल्लीतल्या गल्लीत चालत फिरणारे. पण अक्काचं नाव निघताच सगळे यायला तयार झाले.

तिसऱ्या दिवशी मंडळ थांब्यावर हजर. मी निक्षून सांगितलं होतं, नुसतं रांगेत उभं राहायचं. पण ती एकादशी होती, आणि आमच्या लोकांची एक खोड आहे: चौघं एकत्र आले आणि हात रिकामे असले की पिशवीतून टाळ निघतात.

“मामा, नको,” मी मंडळाच्या म्होरक्याला म्हटलं.

“अगं, इतकी माणसं नुसती उभी? बरं दिसतं का ते? लोक विचारतील, कोण गेलं म्हणून.”

ते सुरू झाले. नेमका तेव्हाच मोजणारा माणूस आला. त्याने चपला काढल्या, वही बगलेत धरली, हात जोडले. शेवटी मामांनी त्याच्या ओंजळीत गूळ घातलेले पोहे ठेवले, इकडे ते एकादशीला चालतात. तो तृप्त होऊन गेला.

त्याच्या अहवालात होतं: थांब्यावर भजन चालू होते, भक्त बरेच, प्रवासी नाहीत.

मी डेपोत जाऊन भांडले. “भक्ताला घरी जायचं नसतं का, सार?”

“प्रवासी घड्याळ बघतो, अम्मा. तुमच्यातल्या एकानेही बघितलं नाही, असं आमचा माणूस म्हणतो.” मग त्यांनी खूश होऊन एक कागद पुढे केला. “पण भक्तांची गैरसोय आम्हाला दिसली. दर एकादशीला पावणेनऊला खास बस मंजूर.”

पुढच्या एकादशीला अक्का पहिल्यांदा शेवटपर्यंत वर्गात बसली. हजेरीत तिचं नाव आलं. शेजारणीने कोपर मारलं तेव्हा कुठे ‘हजर’ म्हणाली. थांब्यावर बस उभी होती, पुढे झेंडूची माळ. मी मामांबरोबर तिथेच होते.

कंडक्टरने अक्काला अडवलं. “भजनाला आला होतात?”

“नाही. संख्याशास्त्राला.”

“मग ही बस तुमची नाही.”

मी तत्त्वाचा प्रश्न काढणार होते. तेवढ्यात मामा मागून कुजबुजले, “पोरी, दोन ओळी म्हण की. देव काही रागवत नाही.” अक्काने डोळे मिटले, पुस्तक छातीशी धरलं आणि ओठ हलवले. कंडक्टरने तिकीट फाडलं. बसमध्ये मी विचारलं, काय म्हटलंस. ती म्हणाली, “मध्यकाची व्याख्या. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली.”

आम्ही दोघी हूटगळ्ळीपर्यंत हसलो. पण एकादशी महिन्यातून दोनदाच येते आणि हजेरी रोज घेतात. गेल्या आठवड्यात अक्काच्या वहीत मला कॉलेज सोडण्याचा अर्ज सापडला. तारखेची जागा तिने रिकामी ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, “सगळ्यांना किती नाचवायचं गं माझ्यासाठी?” मी तो अर्ज फाडला नाही. तो तिचा आहे. मी पुन्हा डेपोत गेले आणि दुसरी मोजणी मागून घेतली. येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत, रोज पावणेनऊला.

या वेळी विद्यार्थीच उभे राहणार आहेत, अक्कासुद्धा. आठ-दहाची बस सोडून. मोजणी संपल्यावर त्यांना घरी जायला काहीच उरणार नाही. म्हणून म्हैसुरात राहणाऱ्या आणि दुचाकी किंवा गाडी असलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे: सोमवारपासून रोज साडेआठला कॉलेजकडे या. गाडी थांब्यापासून लांब, कोपऱ्याच्या पलीकडे लावा, नाहीतर लोकांची सोय आधीच आहे असं वहीत लिहिलं जाईल. मोजणारा माणूस वही मिटून गेला, की एकेका विद्यार्थ्याला मागे बसवा आणि हूटगळ्ळीला सोडा.