साइमीच्या पंपघरातला दिवा

ओइवा कार्पिनेनने चाळीस वर्षं आमच्या गावाचं पाणी वाहतं ठेवलं आणि त्या चाळीस वर्षांत ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द एकदाही तोंडातून काढले नाहीत. चर्चच्या सभागृहात त्याने बसवलेला पाइप दुसऱ्याच हिवाळ्यात फुटला, तेव्हा फुटका तुकडा सगळ्यांपुढे नाचवत म्हणाला, "पाइपच नालायक होता." बायको सोडून गेली तेव्हाही त्याच्या मते चूक बसच्या वेळापत्रकाची होती. दिवसाला दोन बस होत्या म्हणून ती जाऊ शकली, एक असती तर विचार बदलला असता म्हणे.

मी हेल्वी. तीस वर्षं या रस्त्यावर टपाल वाटलं, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला पत्र न उघडता कळायचं. ओइवाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला गाडी चालवायला बंदी आहे. तो हत्यारांच्या पेट्या घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि मी त्याला फिरवते. पैसे देत नाही, वर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतो.

ऑक्टोबर लागला की, थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून, आमची फेरी सुरू होते. तळ्याकाठची सुट्टीची घरं आधी. तिथे पंप बंद करायचा, सगळे नळ उघडे टाकायचे, टाकी रिकामी करायची आणि संडासाच्या भांड्याच्या वळणात राहिलेलं पाणी कापडाने टिपून घ्यायचं. मग गावातल्या राहत्या घरांचे अंगणातले नळ. आतला कॉक बंद, बाहेरचा उघडा, आणि रबरी नळी काढून शेडमध्ये. नळी तशीच लटकत राहिलेली दिसली की ओइवा घरमालकाला असं झापतो, की पुढच्या वर्षी तो माणूस सप्टेंबरातच नळी काढतो. शेवटी तो अंगणात जमिनीखालून पाइप जातो तिथे दोन्ही बाजूंना काठ्या रोवून लाल चिंध्या बांधतो. या पट्ट्यातला बर्फ कुणी उपसायचा नाही, कारण तोच पाइपचं पांघरूण. शहरातले जावई येतात, सासूला खूश करायला अंगण लख्ख साफ करतात आणि आठवड्याने पाणी बंद पडतं. अशा तीन जावयांची नावं मी सांगू शकते.

सगळ्यात शेवटचं घर साइमीकाकूचं. वय अठ्ठ्याऐंशी, घरात एकटी, आणि तोंड अजून धारदार. तिची विहीर अंगणात आहे आणि विहिरीवर लाकडी पंपघर, जेमतेम एक माणूस उकिडवा बसेल एवढं. त्यात नोव्हेंबर ते एप्रिल एक साठ वॅटचा दिवा रात्रंदिवस जळतो. बस्स, तेवढ्या उबेवर पंप तगतो. काकू उठली की आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पंपघराच्या फटीतला उजेड बघते, मग कॉफी ठेवते.

गेल्या उन्हाळ्यात तिने कॉफीचं भांडं चुलीवर विसरून जाळलं. सप्टेंबरात पुन्हा. तिची मुलगी राइली ओउलू शहरात असते. ती घाबरली आणि तिने सांगून टाकलं, "आई, हा हिवाळा बघू. अजून एकदा असं काही झालं, तर तू कायानीच्या वृद्धाश्रमात जायचंस. मी तिकडे नाव घालून ठेवलंय." काकूने ते मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण टपालवालीला हसू आणि हसण्याचं सोंग यातला फरक कळतो.

जानेवारीत पहिली खरी थंडी पडली. त्याआधी सगळा डिसेंबर नुसता चिखल. शुक्रवारी रात्री पारा उणे चौतीसवर गेला, आणि नेमकी राइली शनिवार-रविवारसाठी आलेली. शनिवारी सकाळी साडेनऊला तिचाच फोन. "पाणी गेलंय. ओइवाला घेऊन ये."

आम्ही पोचलो तर काकू टेबलाशी बसलेली आणि राइली तिच्यासमोर उभी.

"तू दिवा विझवलास, आई."

"नाही गं. मी सकाळी बघितला ना, होता उजेड."

"रात्री विझवलास आणि सकाळी लावलास. जन्मभर मागे फिरून दिवे बंद करत आलीस तू. सवयीने केलं असशील."

"मला आठवलं असतं."

"कॉफीचं भांडं आठवलं होतं?"

मला राइलीचा राग आला. पण ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. काकूने हातांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मग विझवला असेन." या बाईने आजवर कुणाचंही ऐकून घेतलं नव्हतं.

ओइवा बाहेर गेला. मी बॅटरी धरायला मागे. पंपघराचं दार उघडलं तर दिवा व्यवस्थित चालू, आणि पाइपवर हिमाची पांढरी साय धरलेली. ओइवाने हातमोजा काढला आणि दिव्याला बोट लावलं. मग सगळी मूठ लावली आणि तशीच ठेवली. जळता दिवा असा मुठीत धरता येत नाही.

"थंड आहे," तो म्हणाला.

"एलईडी दिसतोय. कुणी लावला?"

विचारलं आणि मलाच आठवलं. नोव्हेंबरात जुना दिवा गेला होता. दुकानात जुन्या पद्धतीचे मिळेनात म्हणून ओइवानेच खोक्यावरचा मोठा साठचा आकडा बघून हा उचलला होता. उजेड साठचा, ऊब आठाचीसुद्धा नाही. बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लागतो हे त्याला मान्य नाही.

"ओइवा, हा तर तू..."

"बॅटरी नीट धर."

त्याने दिवा काढून खिशात घातला. मग कामाला लागला, आणि काम करताना त्याच्याकडे बघत राहावं असाच तो आहे. मला आत पाठवून स्वयंपाकघराचा नळ उघडा ठेवायला लावला, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून तो गोठलेल्या भागाकडे सरकत गेला, पाइपवर कढत पाण्याची फडकी आणि त्यावर माझं केस वाळवायचं यंत्र. ज्योत नाही. मागे एकाने ज्योतीने पाइप सोडवायला घेतला आणि स्वतःची सौना, म्हणजे वाफेने आंघोळ करायची लाकडी खोली, जाळली. एका एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणावरच्या जोडाला, चीर गेली होती, तो कापून नवा घातला. कुठल्याशा पेटीच्या तळातून जुना, काचेचा, तारेचा दिवा काढला आणि लावला. दोन मिनिटांत त्या खोपट्यात गोठलेल्या नाकाला ऊब लागली.

मधे दोनदा मी फडकी गरम करायला आत गेले. राइली काकूची बॅग भरत होती. काकू तिला सांगत होती कुठला स्वेटर घ्यायचा. आश्रमात सोमवारपासून खोली रिकामी होती, फोन झाला होता. मी बाहेर येऊन ओइवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "आधी पाणी."

एकच्या सुमारास नळ फुरफुरला, गंजकट पाणी आलं, मग स्वच्छ. ओइवा आत येऊन हात धूत उभा राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.

"फार उपकार झाले," राइली म्हणाली. "पण आमचं ठरलंय. पाण्याचं नाही रे, आईच्या डोक्याचं आहे. तिला कळतही नाही ती काय करते ते."

मी ओइवाकडे बघत होते. तो गप्प राहिला असता तर मी बोलले असते, हे नक्की. पण त्याने ओल्या हाताने खिसा चाचपला आणि दिवा टेबलावर ठेवला.

"हा मी लावला होता. नोव्हेंबरात. याला ऊब नसते. मला बघायला हवं होतं आणि मी बघितलं नाही." "माझं चुकलं. काकूने काही विझवलं नाही. दिवा रात्रभर चालू होता, सकाळीही होता."

राइलीने दिवा उचलून त्यावरचा आकडा वाचला, मग बारीक अक्षरं वाचली, आणि खुर्चीत बसली.

"म्हणजे मला दिसला तो खरंच होता?" काकूने विचारलं.

"होता."

"मी विसरले नाही?"

"नाही काकू."

राइली उठून आतल्या खोलीत गेली. कपाटाचे खण उघडल्याचे आवाज आले, एकेक स्वेटर परत जात होता. मग ती फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आली, की सोमवारची खोली दुसऱ्या कुणाला द्या. तिला बोलताना रडू आलं होतं. मलाही आलं होतं, ते मी केस वाळवायच्या यंत्राची वायर गुंडाळत लपवलं.

मला वाटलं, आता काकू ओइवाला कॉफी देईल. तिने घड्याळाकडे बघितलं.

"तुला कधी कळलं हे?"

"दार उघडलं तेव्हाच."

"म्हणजे दहाला. आता सव्वा वाजलाय." काकूचा आवाज चढला नव्हता. "तीन तास मी इथे बसून काय केलं माहीत आहे? माझं डोकं गेलं असं धरून चालले होते. नवऱ्याचं नाव आठवून बघितलं. मुलांचे वाढदिवस म्हणून बघितले. बरोबर येत होते, तरी विश्वास बसेना. आणि तू बाहेर पाइप शेकत होतास."

"पाणी आधी सुरू करावं म्हटलं..."

"पाण्यावाचून मी दोन दिवस राहिले असते रे," काकू म्हणाली. "बर्फ वितळवून कॉफी केली असती. आधी मला सांगायचं होतंस."

ओइवा टोपी हातात धरून दारात उभा होता. त्याने ना माझ्याकडे बघितलं, ना दिव्याकडे.

"हो," तो म्हणाला. "तेही चुकलं."