शुक्रवारचा पाऊस

कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे तिथे नेमकं काय करतात, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मलाही नीट कळलं नव्हतं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कापड रंगवायचे. बेंगळूरच्या चिक्कपेटेमागची आमची अख्खी गल्लीच मराठी रंगाऱ्यांची. पूर्वज कधी काळी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. अण्णा अधूनमधून विचारायचे, "शिकतोस म्हणजे दिवसभर करतोस तरी काय?" मी पुस्तक दाखवायचो. ते मान हलवायचे, पण त्यांचं समाधान झालेलं नसायचं. माझंही नसायचं.

म्हणून भौतिकशास्त्राच्या सरांनी "कोणाच्या घराला मोकळी गच्ची आहे?" असं विचारलं, तेव्हा माझा हात एवढ्या जोरात वर गेला की शेजारच्याची दौत सांडली. वर्गात मी पहिल्यांदाच हात वर केला होता. या एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

सरांना शहरातल्या निरनिराळ्या भागांत किती पाऊस पडतो ते मोजायचं होतं. "बसवनगुडीत छत्री लागते तेव्हा यशवंतपुरात धूळ उडत असते," ते म्हणाले. गच्ची असलेले आम्ही पाच जण निघालो. ज्याने त्याने सरांच्या मापाप्रमाणे पर्जन्यमापक करून घ्यायचा, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि आठवड्याला एक कार्ड सरांना टाकायचं. ज्याची वही सर्वांत विश्वासाची ठरेल, त्याच्या गच्चीवर कॉलेजची खरी उपकरणं बसवणार होते: तापमापक ठेवायची पांढरी, झडपांची पेटी आणि सगळं. त्या पेटीचं चित्र आमच्या पुस्तकात होतं. मला ती हवी होती. ती आली असती तर अण्णांना हाताला धरून वर नेऊन म्हणता आलं असतं, हे बघा, हे करतो मी.

शेजारच्या गल्लीतल्या तांबटाने माझा पर्जन्यमापक केला. खाली तांब्याचं भांडं, वर नरसाळं. आईने पहिल्या दिवशी त्याला कुंकू लावलं. नव्या भांड्याला लावतातच, म्हणून मी काही बोललो नाही.

रोजचा आकडा मी वहीत लिहायचो आणि दुकानाबाहेरच्या पाटीवरही. रंगाऱ्यांना कापड वाळवायचं असतं, तेव्हा गल्लीलाही उपयोग होईल असं मला वाटलं. पण दिवस थंडीचे होते. पाटीवर रोज शून्य. समोर पापड करणाऱ्या अक्का होत्या, त्या लाटणं थांबवून ओरडायच्या, "काय हो पंडित, कॉलेजात जाऊन शून्यच शिकलात होय?"

मी वरून खाली यायचो तो पडेल चेहऱ्याने.

आणि मग एका शुक्रवारी भांड्यात पाणी! मी ते मोजनळीत ओतलं. दहा शतांश, म्हणजे इंचाचा दहावा भाग. मी जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरलो आणि पाटीवर दहा लिहिले. अक्का म्हणाल्या, "कधी पडला रे? मला कसा नाही दिसला?" जमिनीवरून काही कळणं शक्य नव्हतं. पहाटे साऱ्या गल्लीत सडा पडतो, आणि शुक्रवारी आई गच्चीही धुऊन काढते. मी ऐटीत म्हणालो, "तुम्ही झोपेत होता."

पुढच्या शुक्रवारी पुन्हा दहा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा दहा! मधले सगळे दिवस कोरडे. आता मला जमिनीवर पाय ठेवून चालणं अवघड झालं. कारण मला कारण सापडलं होतं. गुरुवारी आमच्या गल्लीतल्या सगळ्या भट्ट्या पेटायच्या. रंगाच्या कढयांची एवढी वाफ वर जाते, रात्री थंड होते आणि पहाटे आमच्याच गच्चीवर उतरते. पुरावाही होता: भांड्यातलं पाणी किंचित पिवळं असायचं. रंग! मी सरांना दोन कार्डं भरून हा सिद्धांत लिहिला, आणि पाटीवर कायमची सूचना: "गुरुवारी संध्याकाळी वाळवण आत घ्यावे." अक्का चिडचिड करत का होईना, दर गुरुवारी पापड आत न्यायला लागल्या.

सातव्या शुक्रवारनंतर सरांचं उत्तर आलं. एकच ओळ. "येत्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला येतो."

ते सायकलवरून आले. अण्णांचे हात कोपरापर्यंत निळे होते, ते नमस्कार करावा की हात लपवावेत या विचारात तसेच उभे राहिले. मी नुकतीच नळावरच्या रांगेतून घागर आणली होती. ती ठेवून मी सरांना घेऊन वर गेलो.

गच्चीवर आई होती. आमच्याकडे पाठ. हातात पंचपात्र आणि पळी. तिने पाण्यात चिमूटभर हळद सोडली, काहीतरी पुटपुटली आणि माझ्या पर्जन्यमापकात एक, दोन, तीन पळ्या पाणी घातलं.

"आई!"

ती दचकली. सरांना पाहून तिने पदर सावरला आणि मलाच रागावली. "ओरडतोस काय? शुक्रवारी तांब्याचं भांडं रिकामं ठेवू नये." मग थोड्या हळू आवाजात म्हणाली, "आणि रोज तोंड पाडून खाली यायचास. म्हटलं, आठवड्यातून एक दिवस तरी पोराला काही मिळू दे."

सरांना मराठी येत नव्हतं. "काय म्हणतात?" त्यांनी कन्नडात विचारलं. मला वाटलं, ती पांढरी पेटी आता माझ्या डोळ्यांदेखत यशवंतपुराकडे निघाली. मी सगळं सांगितलं. हळदीचंही. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की सरांना कान पुढे करावा लागला.

ते गच्चीच्या कठड्यावर बसले आणि हसू लागले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा हसले. मग आईला म्हणाले, "अम्मा, नेहमी किती पळ्या?"

"मूरु," आई म्हणाली. बाजारापुरतं कन्नड तिला उत्तम येतं. शिवाय तिने तीन बोटंही दाखवली.

सरांनी भांड्यातलं पाणी मोजनळीत ओतलं. दहा. ते फेकून आईला पुन्हा तीन पळ्या घालायला लावल्या. दहा. मग माझी वही उघडली आणि शुक्रवारांवरून बोट फिरवलं. "दहा, दहा, दहा, दहा, चौदा. हे चौदा कसे?"

"ठाऊक नाही, सर. दिसले ते लिहिले."

त्यांनी खिशातून स्वतःची डायरी काढली. त्या चौदाच्या सकाळी बसवनगुडीतही पाच शतांश भुरभुर झाली होती. "म्हणजे तुझ्याकडे चार," ते म्हणाले. "आईच्या पळ्यांखालूनसुद्धा तू खरा पाऊस पकडलास. दहाच बरे दिसतात म्हणून दुसऱ्या कोणी दहाच लिहिले असते." वही मिटून ते उठले. "पेटी इथेच येईल. सिद्धांत मात्र स्वल्प थांबू दे." आणि पुन्हा हसायला लागले. या खेपेला मीही, आणि का ते न कळता आईही.

पुढच्या आठवड्यात झटका म्हणतात त्या घोडागाडीतून पेटी आली. घोडागाडीवाल्याने आणि अण्णांनी मिळून ती वर चढवली. अण्णांनी झडपा उघडून आत पाहिलं, बाहेरून एक फेरी मारली. पेटीच्या पांढऱ्या रंगावर त्यांचं निळं बोट उमटलं. "हे करतोस होय तू?" ते म्हणाले. "सरी. ठीक आहे."

आईने कोपऱ्यात आपला तांब्या मांडला. शुक्रवारी तो भरते, माझ्या भांड्याकडे बघतही नाही.

पाटीवर मी लिहिलं: "शुक्रवारचा पाऊस आईचा होता. आजपासून बंद." कोणीतरी ते अक्कांना वाचून दाखवलं.

"अय्यो!" त्या रस्त्याच्या मधोमध येऊन ओरडल्या. "एवढे गुरुवार मी सुपं डोक्यावर घेऊन आत-बाहेर केलं, ते तुझ्या आईच्या पळीसाठी? आता खरं सांग, पंडिता, आज पापड घालू का नको?"

मी वर पळालो. भांडं पाहिलं, हात घालून पुसून पाहिलं, तापमापक वाचला, आभाळाकडेही पाहिलं, आणि खाली येऊन म्हणालो, "घाला, अक्का."

मग खडू घेऊन पाटीवर शून्य काढलं. इतकं मोठं, की तारीख लिहायला जागाच उरली नाही.