उजवीकडचा फाटा

मॅडम घरी आल्या की वहिनी आधी खिडक्या उघडायची. "वन्सं, पदर बाहेरच झटका. आज कोणाला चिरून आलात?" मॅडमना कशाचीच किळस नव्हती. त्या शरीररचना शिकवत आणि शवविच्छेदनाच्या हॉललगतच्या खोलीत बसून निवांत डबा खात.

त्या वर्षी एका शवाच्या धमन्यांत तांबडा रंग भरून त्या मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्या कापून मोकळ्या करत होत्या. रज्जूच्या पुढून एक धमनी उतरते, मागून दोन. पण वरून आलेलं रक्त शेवटपर्यंत पुरत नाही. म्हणून शेवटच्या बरगड्यांच्या आसपास एक मोठा फाटा आत शिरतो, केसांच्या आकड्यासारखा वळतो आणि पुढच्या धमनीला मिळतो. तो बंद पडला तर माणसाचे पाय जातात. बहुतेकांत तो डावीकडून येतो. मॅडमना तो डावीकडेच, अखंड सापडला. त्या संध्याकाळी त्या गुणगुणत घरी आल्या, तेव्हा वहिनीला वाटलं, वन्संचं कुठेतरी जमलं.

कॉलेजच्या संग्रहालयात आपल्या नमुन्याची बरणी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तिथे आधीपासून एक बरणी होती. विभागप्रमुखांनी विद्यार्थिदशेत केलेली, बक्षीसपात्र. तिच्यात हाच फाटा उजवीकडे, चांगला ठसठशीत. अलीकडे तिच्यातला द्राव गुलाबी झाला होता. बदलायला म्हणून मॅडमनी झाकण काढलं, चिमट्याने जरा चाचपलं, तर धमनी सबंध हातात आली. रेशमाचा दोरा होता. रंग जाणारा.

"सर, हा दोरा आहे."

"असेल. खरी तुटली हो. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते."

"पण उजवीकडे?"

"काहींची असते उजवीकडे."

"दोऱ्याची?"

सर दुखावले. "मॅडम, तुमची ती मरतुकडी धमनी दिसते तरी का कोणाला? माझी शेवटच्या बाकावरून दिसते. शिवाय इतकी वर्षं तोंडी परीक्षेत 'उजवीकडे' म्हणणाऱ्यांना मी मार्क दिलेत. ते काय आता घरोघरी जाऊन परत मागू?"

दोरा पक्क्या रंगात बुडवून पुन्हा चिकटवण्यात आला. मॅडमची बरणी दारामागच्या खालच्या फळीवर गेली. मॅडम हटल्या नाहीत. प्रत्येक तुकडीला तिथे नेऊन, जमिनीवर उकिडवं बसवून त्यांनी डावीकडचा फाटा दाखवला.

परीक्षेला सरांच्या शेजारी दुसऱ्या परीक्षक म्हणून त्याच बसल्या. सरांनी एका मुलीला नेहमीचा प्रश्न टाकला. "कोणत्या बाजूने येतो?"

मुलगी क्षणभरही अडखळली नाही. "परीक्षेत उजवीकडून, सर. माणसात डावीकडून."

सर खो-खो हसले. "हुशार आहे हो पोरगी! पुढे जाणार." त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मुलीने मॅडमकडे पाहिलं. शिकवलंत ते नीट लक्षात ठेवलंय, असा तिचा चेहरा होता.

मॅडम तोंडावर रुमाल दाबून उठल्या, आणि बेसिनपर्यंत पोचायच्या आतच त्यांना उलटी झाली.